पंचेचाळीस पावलांचा समुद्र

चालताना त्यांचे ओठ हलायचे. नवीन माणसाला वाटायचं, भाऊ नामस्मरण करताहेत. नामस्मरण कसलं! माणूस पावलं मोजायचा. घर ते कचेरी आठशे बारा, कचेरी ते चहाची टपरी एकशे सहा, माझ्या टेबलापासून त्यांच्या टेबलापर्यंत नऊ. मध्येच कुणी हाक मारली तर हाताचा पंजा वर करून त्याला थांबवायचे, आकडा पुरा करायचे आणि मगच म्हणायचे, "हं, बोला आता."

तुमच्याही ओळखीत असा एखादा मोजणारा असेल. कुणी पायऱ्या मोजतो, कुणी पंख्याचे फेरे. पण भाऊंचं मोजणं पोटापाण्याचं होतं. वणीला शेतजमिनीची मोजणी करणाऱ्या सरकारी कचेरीत ते भूकरमापक होते आणि मी आवक-जावकच्या टेबलाला. शिवाय आम्ही शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत. कचेरीत ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि भिंतीवरून 'ताई'. आता ते नागपूरला मुलीकडे राहायला गेलेत. पलीकडच्या घरात भाडेकरू आलेत, चांगले आहेत बिचारे, पण भिंतीवरून कुणी बोलत नाही.

अलीकडे मोजणीला उपग्रहावर चालणारं यंत्र आलं. काठीवर बसवायचं, बटण दाबायचं, झालं. भाऊ ते यंत्र झकास चालवायचे आणि नंतर सगळी हद्द पुन्हा पायी फिरायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एवढं महागाचं यंत्र खोटं बोलतं का?"

"मशीन खोटं नाई बोलत मॅडम. पण मशीनले काटा नाई लागत. मी चाललो नाई तोवर माही सही नाई."

मारेगावकडे दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण होतं. दोघंही मोजणीच्या दिवशी कुऱ्हाडीच्या गोष्टी करत आलेले. भाऊ म्हणाले, आधी माझ्यामागं चाला. उभ्या तुरीतून त्यांनी दोघांना सबंध हद्दीभोवती तीनदा फिरवलं. तिसऱ्या फेरीत दोघांना इतकी धाप लागली की ते एकाच कॅनमधलं पाणी प्यायले. मग भाऊंनी खुणा रोवल्या. त्या दिवशी तरी कुऱ्हाडी घरी गेल्या.

माझ्या मुलीच्या लग्नातही हा माणूस मोजत होता. मंडपापासून जेवणाच्या टेबलांपर्यंत बासष्ट पावलं भरली, तशी त्यांनी आचाऱ्याला गाठलं. "म्हातारी माणसं ताट घेऊन एवढं कशी जातीन बाप्पा? टेबलं इकडे घ्या." आचारी कुरकुरला, मीही कुरकुरले, कारण फोटोवाल्याची जागा गेली. पण सासूबाईंच्या मैत्रिणी त्या दिवशी पोटभर जेवल्या.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. गोऱ्या, ठेंगण्या आणि तोंडाच्या फटकळ. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या एसटीच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात चार माणसांनी त्यांना इकडून तिकडे उचललं, त्याचा त्यांना इतका राग आला होता की घरी आल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "मले गाठोड्यावानी उचललं तेवढं पुरे झालं. आता कोणी हात लावाचा नाई."

आणि खरंच, वॉकर घेऊन त्या चालू लागल्या. खोलीपासून फाटकापर्यंत जायच्या, तिथं भाऊंनी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या आणि परत यायच्या. खोली ते फाटक सत्तावीस मीटर. भाऊंनी ते टेप लावून मोजलं होतं. त्याच्यापुढे मात्र पाय उभा राहायचा नाही. सपाट जमिनीवर सत्तावीस मीटर, मग बसायलाच हवं.

भाऊंच्या निरोप समारंभाला वहिनी आल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं लांबलचक भाषण झालं. शेवटी कुणीतरी गमतीनं विचारलं, "वहिनी, आता भाऊंकडून काय मागणार?"

वहिनी बसल्या बसल्याच म्हणाल्या, "यायनं जिंदगीभर लोकायच्या चतुःसीमा लिहल्या. पूर्वेस अमका, पश्चिमेस ढमका, अन् चारी बाजूनं भांडण. मले आता अशी जमीन दाखवा जिच्या चारी बाजूनं कोणीच नाई. नुसतं पाणी."

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत.

"अन् त्या पाण्यात मी माह्या पायानं जाईन," वहिनी म्हणाल्या. "कोणी उचलाचं नाई."

"बरं," भाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर अंदमानचा नकाशा पसरलेला होता. आम्ही दोघांनीही सोबत जायचं ठरलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे 'हे', जे बँकेतून नुकतेच मोकळे झाले होते. मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. वणीत जन्म, वणीत नोकरी, राजूरच्या कोळशाची काळी धूळ खिडकीवरून पुसण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. मला पांढरी वाळू हवी होती. हॅवलॉक बेटावरचा तो प्रसिद्ध राधानगर किनारा मी मोबाइलवर शंभरदा पाहिला होता. सूर्यास्ताला कुठली साडी नेसायची तेसुद्धा ठरलं होतं.

भाऊंनी एकेका किनाऱ्याचं टिपण तयार केलं. अगदी कचेरीसारखं, रेघा मारून. रस्ता कसा, चढ-उतार किती, सावली आहे का, बसायला जागा काय, गाडीपासून पाण्यापर्यंत अंतर किती आणि शेवटी शेरा. माझ्या राधानगरपुढे शेरा होता, 'सुंदर असेल. लांब आहे.'

"असेल म्हणजे?" मी भडकले. "अख्खी दुनिया जाते तिथं!"

"दुनियेले जाऊ द्या न ताई. हिले नाई जमत. झाडीतून वाळूतून भलं चालाचं हाय तिथं."

मी दोन दिवस भिंतीवरून बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की एवढा खर्च करून जायचं आणि एका वॉकरच्या हिशेबानं किनारे निवडायचे, हा काय प्रकार! आमच्या ह्यांनी मध्यस्थी केली. एक किनारा माझा, एक वहिनींचा. स्वतःसाठी त्यांनी दुपारची झोप मागितली.

माझा ठरलेलाच होता. वहिनींच्या किनाऱ्यासाठी भाऊंनी महिनाभर फोन केले. अंदमानला जाऊन आलेला एक माणूस त्यांनी सोडला नाही. वरोऱ्याचा एक निवृत्त फौजी, यवतमाळच्या एका डॉक्टरांची सासू, सगळ्यांना एकच प्रश्न, "गाडीतून उतरल्यावर पाणी किती पावलं?" कुणाला आठवत नव्हतं. फौजी म्हणाला, सुंदर आहे हो, बघत बसावं असं. भाऊंनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "बसून पाह्यलं म्हन्ते. चालला असन तर सांगन न!"

शेवटी नील बेटावर एका बंगाली बाईंचं छोटं अतिथीगृह सापडलं. चार खोल्या, पुढे ओसरी आणि मागच्या अंगाला थेट समुद्र. त्या किनाऱ्याला नाव नव्हतं, कुठल्याच यादीत तो नव्हता. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला आणि हिंदीत विचारलं, "दीदी, आपके बरामदेसे पानी कितने कदम है?"

"पास में ही है, दादा."

"पास मतलब? जरा चलके देखो ना."

बाई भल्या होत्या. हसत हसत गेल्या, आल्या आणि म्हणाल्या, पंचेचाळीस. आता भाऊंपुढे अडचण उभी राहिली की बाईंचं पाऊल केवढं? ते तर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी डोकं लढवलं. "दीदी, एक साडी बरामदेमें लंबी बिछाओ. और उसके ऊपर चलो."

मला वाटलं, बाई आता फोन आपटतात. पण त्यांनी साडी अंथरली. साडीभर चालायला त्यांना दहा पावलं लागली. साडेपाच मीटरची साडी, दहा पावलं, म्हणजे एक पाऊल पंचावन्न सेंटिमीटर. पंचेचाळीस पावलं म्हणजे चोवीस मीटर पंचाहत्तर. भाऊंनी आकडा दोनदा अधोरेखित केला आणि आतल्या खोलीकडे पाहून ओरडले, "जमलं! सव्वादोन मीटर शिल्लक राह्यले!"

"शिल्लक ठेवून काय करू? लोणचं घालू?" आतून वहिनी म्हणाल्या. पण आवाजात हसू होतं.

नागपूरहून आम्ही निघालो, दोन विमानं आणि एक मोठी बोट करत हॅवलॉकला पोचलो. पहिला दिवस माझा. झाडीतून बाहेर आले आणि समोर तो किनारा दिसला. मी धावले. या वयात, साडी खोचून, ओरडत धावले. लाटेनं मला पाडलं, आमच्या ह्यांनी उठवलं, पुन्हा पाडलं. इतकी हसले की पोट दुखायला लागलं.

मग मी मागे वळून पाहिलं. लांब झाडांखाली एका बाकावर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, शेजारी वॉकर, पलीकडे भाऊ. मारेगावच्या गाडीची वाट पाहत बसावं तशा. मी हात हलवला, तसा त्यांनीही हलवला.

वर आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, दिसला का नीट?"

"दिसला न व. चांगला हाय. मोठा हाय."

मला लाज वाटली. ओली साडी पिळत मी उगाच बडबडत राहिले, पण मनातून ठरवलं की उद्या या बाईला पाण्यात उभं केल्याशिवाय परत जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही नील बेटावर त्या अतिथीगृहात पोचलो. मालकीणबाई फाटकातच उभ्या होत्या. भाऊंनी त्यांना नमस्कार केला आणि आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांच्याएवढीच पावलं टाकत, ओठ हलवत ओसरीवरून मागे निघाले. मी पाठोपाठ. एक, दोन, तीन... चाळीस, एक्केचाळीस... पंचेचाळीसाव्या पावलाला ते थांबले.

पाणी नव्हतं.

वाळू तिथंच संपत होती आणि पुढे दगडच दगड. पोवळ्याचे, खडबडीत, धारदार, मध्ये डबकी साचलेली. समुद्र पार तिकडे, एक निळी रेघ होऊन बसलेला. आमच्या जिल्ह्यात तलाव आटतो, त्याला उन्हाळा लागतो. पण इथं पाणी गेलं कुठं?

मालकीणबाई मागून आल्या. "भाटा है न दादा. पानी रात अंधेरे में आएगा, फिर सुबह."

भरती-ओहोटी आम्ही शाळेत शिकलो होतो. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलीही होती. पण समुद्र असा उठून खरोखर निघून जातो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भाऊंनी त्या बाईंना दगडांबद्दल विचारलं, उताराबद्दल विचारलं, पावलांबद्दल तर विचारायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. फक्त किती वाजता मोजलं, हे विचारलं नव्हतं. आयुष्यभर ज्या हद्दी मोजल्या त्या सकाळी होत्या तिथंच संध्याकाळी असायच्या. आणि बाईंनी तरी का सांगावं? त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.

भाऊ तिथं वाळूत मटकन बसले. "माही मोजणी चुकली, ताई," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ओसरीवर वहिनींना सगळं कळलं. आमचे हे चुकून बोलून गेले, "वहिनी, आम्ही तिघं धरतो की तुम्हाला, दगडांवरून..."

"हात लावान तं आत्ता परत जाईन."

मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "तुमी कायले तोंड पाडून बसले? बाईनं सांगतलं न सकाळी येते म्हनून. येऊ द्या त्याले त्याच्या टायमानं."

अडचण पुढेच होती. भरती सकाळी दहाच्या आसपास, आणि आमची बोट साडेअकराची. गाडी पावणेअकराला फाटकात येणार. मधला पाऊण तास, बस्स.

सकाळी सहाला मी उठून मागे गेले तर भाऊ दगडांत उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत झाडाच्या काटक्यांची जुडी. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची, घड्याळ पाहायचं, पंधरा मिनिटांनी पाणी जिथं पोचेल तिथं दुसरी. समुद्राचीच मोजणी चालली होती. "येऊन राह्यलं ताई," ते लांबून ओरडले. "पाव घंट्यात सतरा पावलं!"

साताला वहिनी तयार होऊन ओसरीवर बसल्या. वेणी घातलेली, साडी घोट्याच्या वर नेसलेली. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आलं का व?" मी सांगायची, "निघालंय." आमचे हे चहा घेऊन फेऱ्या मारत होते. इतकी मजा मला आदल्या दिवशीच्या लाटांतही आली नव्हती. एखाद्या पाहुण्याची वाट पाहावी तशी आम्ही समुद्राची वाट पाहत होतो.

साडेनऊला पाणी शेवटच्या दगडांपर्यंत आलं. आणि रेंगाळलं. एक काटकी रोवली, दहा मिनिटं गेली, पाणी त्याच काटकीपाशी. वाळू हातभर लांब. भाऊंचा चेहरा उतरला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पंजा वर केला. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आएगा दादा. और थोड़ा आएगा."

दहा वाजून गेले. एक लाट दगडांवरून घसरत आली, वाळू ओली करून मागे गेली. दुसरी तिच्याही पुढे आली. भाऊ ओसरीकडे धावत सुटले. त्यांना मी पहिल्यांदाच धावताना पाहिलं, त्या वेळी ओठ हलत नव्हते.

"चल," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी उठल्या. ओसरी उतरल्या. आणि वाळूवर दुसऱ्याच पावलाला वॉकरचे पाय खाली रुतले. हेही कुणाच्या टिपणात नव्हतं. भाऊंनी हात पुढे केला, वहिनींनी डोळे वटारले, तो हात तसाच हवेत राहिला. मला काय सुचलं कोण जाणे, मी ओसरीवरच्या दोन चटया ओढून आणल्या. एक पुढे अंथरली. वहिनी तिच्यावरून चालल्या. आमच्या ह्यांनी दुसरी तिच्यापुढे टाकली. मी मागची उचलून पुढे धावले. असे आम्ही दोघं चटया टाकत गेलो, वाकून, धापा टाकत, एकमेकांवर आपटत. मालकीणबाई हसून हसून बेजार. वहिनी मात्र नजर खाली ठेवून, दात आवळून, एकेक पाऊल पुढे. मध्ये एकदा थांबल्या. पाय थरथरत होता. मग पुन्हा निघाल्या.

शेवटची चटई लाटेनं भिजली. वहिनींनी वॉकर पाण्यात टेकवला आणि पाठोपाठ पाय टाकला. मग दुसरा.

"अवो!" त्या किंचाळल्या. "पायाखालून ओढून राह्यलं नं हे!" आणि खो खो हसायला लागल्या. वॉकर सोडून त्यांनी भाऊंचा दंड धरला. वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं भाऊंच्या अंगावर उडवलं. भाऊ रडत होते की हसत होते ते मला सांगता यायचं नाही. मी मात्र रडत होते, उघड उघड.

आमच्या ह्यांनी ओसरीवरची खुर्ची आणून पाण्यात ठेवली. वहिनी तिच्यावर बसल्या. लाट यायची, त्यांच्या मांडीत भरायची आणि निघून जायची. भाऊ खुर्चीची पाठ धरून गुडघाभर पाण्यात उभे. दोघंही समोर पाहत होते. समोर काहीच नव्हतं, निळं पाणी सोडून.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. मी पाण्याच्या कडेला जाऊन हाक मारली, "वहिनी, गाडी आली. बोट साडेअकराची आहे."

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्याले थांबाले सांग व," त्या म्हणाल्या. "आमी आत्ताच तं आलो."

मी ओल्या पायांनी फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, इंजिन बंद करो."